अहवालातून गहाळ झालेला 'म्हणे'

परवा एका कंपनीच्या बैठकीला जाऊन बसलो. कंपनीचं नाव सांगत नाही. बिस्किटं चांगली होती.

पडद्यावर स्लाइड आली. भल्यामोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या वेबसाइटवर ६० टक्के वापरकर्ते गोंधळतात'. खाली एक रडका चेहरा. खोलीत सुतकी शांतता पसरली. साठ टक्के! म्हणजे वेबसाइट नवी हवी, बजेट वाढायला हवं आणि कुणाला तरी झापायला हवं.

मी विचारलं, "एकूण किती जणांना बसवून पाहिलंत?"

"पाच, सर."

पाच. म्हणजे तिघं गोंधळले. 'पाचातले तीन' असं लिहिलं असतं तर फक्त बिस्किटं संपली असती, बजेट वाढलं नसतं.

बरं, हे पाच कोण? दोघं अकाउंट्समधले, एक नवी लागलेली मुलगी, एक कुरिअर द्यायला आलेला आणि पाचवे साहेबांचे सासरे. सासरेच गोंधळले म्हटल्यावर पुढे आकडेमोड कसली करता?

मराठीत एक इवलासा शब्द आहे, 'म्हणे'. 'त्याचं लग्न ठरलं' आणि 'त्याचं लग्न ठरलं म्हणे' या दोन वाक्यांत अख्ख्या साक्षीपुराव्याचा फरक आहे. पहिल्यात बोलणारा बांधला जातो, दुसऱ्यात तो नामानिराळा राहतो. आपल्या आज्या हा फरक चुलीपुढे बसून काटेकोर पाळायच्या. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तो जमत नाही, कारण स्लाइडवर 'म्हणे'ला जागा नसते.

लोक खाली स्क्रोल करत नाहीत. म्हणे.

तीन क्लिकांत सापडलं नाही तर माणूस निघून जातो. म्हणे.

माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशचं नऊ. म्हणे, म्हणे आणि पुन्हा एकदा म्हणे.

त्या गोल्डफिशचंच घ्या. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या एका अहवालात हा मासा पोहत आला आणि जगभरच्या स्लाइडांवर पसरला. आकडा मायक्रोसॉफ्टनं स्वतः मोजलेला नव्हता, दुसरीकडून उचललेला होता. २०१७ मध्ये बीबीसीनं त्याचा माग काढला, तेव्हा मुळाशी प्रयोगच सापडेना. नऊ सेकंद लक्ष देऊन मासा नेमकं काय बघत होता, हे कुणी विचारलंच नव्हतं. आठ सेकंदांत विचारणार तरी कसं?

असो. आपण पाचावर येऊ.

पाचातले तीन म्हणजे ६० टक्के, हे चौथीतलं गणित झालं. त्यावरून एकूण वापरकर्त्यांबद्दल काही म्हणायचं असेल तर संख्याशास्त्राला विचारावं लागतं. संख्याशास्त्र म्हणतं, ९५ टक्के भरवसा हवा असेल तर खरा आकडा साधारण २३ पासून ८८ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतो. म्हणजे चौघांतला एक गोंधळतो, किंवा जवळपास सगळेच गोंधळतात. हे तर बैठकीआधीही माहीत होतं.

आता उलट बाजू बघा. पाचातला एकही अडला नाही, तर 'वेबसाइट निर्दोष' असं पत्रक निघतं. पण दर पाचांतल्या एकाला हमखास ठेच लावणारा दोष जरी असला, तरी पाच जणांच्या तपासणीत तो एकदाही न दिसण्याची शक्यता ३३ टक्के असते. तीन तपासण्यांतली एक त्याच्या शेजारून निघून जाणार.

हसतमुखानं.

मग हा पाचाचा आकडा आला कुठून? त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९९३ मध्ये याकोब निल्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी एक सूत्र मांडलं. निल्सन मूळचे डेन्मार्कचे, पुढे अमेरिकेत 'युजेबिलिटी' म्हणजे वापरसुलभता या विषयाचे कुलगुरूच झाले. त्यांच्या पाहणीतल्या प्रकल्पांत एकेका वापरकर्त्यानं सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडल्या होत्या. सूत्रात हा आकडा घातला की पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी बाहेर येतात. मार्च २००० मध्ये निल्सननी हेच सोप्या भाषेत लिहिलं, आणि पाच हा आकडा पंचप्राणांच्या पंक्तीला जाऊन बसला.

पण हे ८५ टक्के कशाचे? अडचणींचे. माणसांचे नव्हेत. पाच जण बसवले की काय-काय अडतं याची यादी मिळते. किती जणांना अडतं, हे त्या यादीत नसतं. यादी आणि खानेसुमारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाण्यालाही कळतं.

शिवाय ते ३१ टक्केही सरासरीच. तुमच्या वेबसाइटवरचे दोष जरा लबाड निघाले आणि दहातल्या एकालाच दिसणारे असले, तर तेच सूत्र, तेच पाच जण, आणि हाती लागतात ४१ टक्के. सूत्र तेच. फक्त गाव बदललं.

निल्सनवर सगळं खापर फोडणंही बरं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की पाच जण बसवा, दुरुस्ती करा, पुन्हा पाच बसवा. पंधरा जणांचे पैसे असतील तर पाच-पाचांच्या तीन फेऱ्या करा. लोकांनी पहिली फेरी उचलली आणि दुरुस्ती सोडून दिली. याच निल्सननी २००६ मध्ये असंही लिहिलं की आकडे हवे असतील तर वीस जण तरी बसवा. हा लेख मात्र कुणी पाठ केलेला दिसत नाही.

वीस जणांच्या चहाचं बिल कोण मंजूर करणार?

मग २००१ मध्ये जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी ४९ जणांना खऱ्याखुऱ्या ऑनलाइन खरेदीला बसवलं. पहिल्या पाचांनी किती अडचणी दाखवल्या? ३५ टक्के. २००३ मध्ये लॉरा फॉकनरनं ६० जणांची चाचणी घेतली आणि त्यातून पाच-पाचांच्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. कुठल्या पाचांनी ९९ टक्के अडचणी पकडल्या, तर कुठल्या पाचांनी फक्त ५५. म्हणजे ही लॉटरीच झाली. फरक एवढाच की लॉटरीत आपलं तिकीट लागलं की नाही, हे निदान पेपरात छापून येतं.

इथवर तुम्ही म्हणाल, माणसं कमी पडली, वाढवली की झालं. थांबा. प्रश्न फक्त बसणाऱ्यांचा नाही, बघणाऱ्यांचाही आहे.

रोल्फ मॉलिक हे आणखी एक डॅनिश गृहस्थ. त्यांनी १९९८ च्या अखेरीस एक खोडसाळ उद्योग केला. एकच वेबसाइट नऊ पथकांना दिली आणि सांगितलं, तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं तपासा आणि दोष सांगा. वेबसाइट होती हॉटमेल. तेव्हा अर्ध्या जगाची टपाल पेटी तीच होती.

नऊ पथकांनी मिळून ३१० वेगवेगळे दोष काढले. त्यातले २३२ असे, की जे फक्त एकेका पथकालाच दिसले. म्हणजे ७५ टक्के. आणि नवांच्या नवांना दिसला, असा दोष किती? एकही नाही.

नऊ वैद्य, एक रोगी, आणि नाडी प्रत्येकाला वेगळीच लागली.

मॉलिकना वाटलं असावं, नमुना वाईट असेल. २००३ मध्ये त्यांनी सतरा पथकं गोळा केली आणि न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियाची वेबसाइट पुढ्यात ठेवली. काहींनी वापरकर्ते बसवून पाहिलं, काहींनी आपल्या अनुभवाच्या चष्म्यातून. दोष निघाले ३४०. त्यातले २०५ फक्त एकेका पथकाच्याच वहीत. निम्म्याहून जास्त पथकांना दिसलेले दोष होते नऊ.

यातली मेख अशी. प्रत्येक पथकाचा अहवाल सुटा वाचला तर अगदी चोख वाटतो. मुखपृष्ठ आहे, आलेख आहेत, 'निष्कर्ष' असा ठळक मथळा आहे. शेजारी दुसरा अहवाल ठेवेपर्यंत तो निष्कर्षच असतो. ठेवला, की दोन्ही निरीक्षणं होतात. पण दोन अहवालांचे पैसे देतो कोण? म्हणून निष्कर्ष निष्कर्षच राहतात.

आपल्याकडे यावर जुनी म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. संख्याशास्त्रातला नमुना निवडीचा धडा आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. फक्त तो अर्धाच वाचला जातो. शितावरून परीक्षा होते, कारण भांडं एक, पाणी एक, आच एक. अकाउंट्समधली दोन शितं, नव्या मुलीचं एक, कुरिअरवाल्याचं एक आणि सासऱ्यांचं एक, अशी चार चुलींवरची शितं चेपून भात कसा कळणार? आणि भांडं एक असलं तरी शितावरून भात शिजला की नाही तेवढंच कळतं. पंगतीला पुरेल की नाही, ते शीत सांगत नाही.

म्हणजे बसून बघणं फुकट का? अजिबात नाही. घरात साप आहे हे सांगायला एक साप पुरतो. तालुक्यात साप किती, हे सांगायला नाही पुरत.

शेजारच्या काकू परवा मोबाइलवर वीजबिल भरत होत्या. 'पुढे जा' हे बटण कीबोर्डच्या खाली दडलं होतं. कीबोर्ड मिटवता येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. दहा मिनिटं झटापट करून त्या म्हणाल्या, "अरे, मलाच मेलीला काही येत नाही." काकूंना सगळं येतं. बटण लपलेलं होतं. हे कळायला मला दुसऱ्या काकूंची गरज पडली नाही. हे बटण वर घ्या, एवढं सांगायला एक काकू भक्कम पुरावा आहे.

पण उद्या मी लिहिलं की '१०० टक्के ज्येष्ठ नागरिकांना वीजबिल भरता येत नाही', तर मला कुणीतरी खुशाल कोर्टात खेचावं.

अमेरिकेतले स्टीव्ह क्रुग हे या बाबतीत मला आवडतात. त्यांचा सल्ला असा की महिन्यातून एक सकाळ काढा, तीन माणसं बसवा, बघा आणि दुरुस्त करा. टक्के काढायच्या फंदात पडू नका. मोजलेलं नाही, तर मोजल्याचा आव नाही. घरगुती औषध आहे आणि बाटलीवर तसंच लिहिलंय. आमची तक्रार औषधाबद्दल नाही, त्याला इंजेक्शन म्हणून विकणाऱ्यांबद्दल आहे.

आता 'तीन क्लिक' घ्या. हा नियम जन्मला कुठं, कुणाला ठाऊक. देवळात सापडलेल्या मूर्तीसारखा तो स्वयंभू आहे. २००३ मध्ये जोशुआ पोर्टर यांनी ४४ जणांची ६२० कामं आणि आठ हजारांहून जास्त क्लिक तपासले. तिसऱ्या क्लिकनंतर माणसं पळून जातात, असं काही दिसलं नाही. काही जण तर पंचवीस क्लिकांपर्यंत चिकाटीनं जात राहिले. नाराजीचा आणि क्लिकांच्या संख्येचा मेळ बसेना. हाही काही कडक नियंत्रित प्रयोग नव्हे, होती वापराच्या नोंदींची छाननी. पण निदान कुणीतरी मोजलं! नियम करणाऱ्यानं तेवढंही केलं नव्हतं.

नियम अजून जिवंत आहे. त्याच बैठकीत बाराव्या स्लाइडवर भेटला.

'मेन्यूत सातच गोष्टी ठेवा' हा त्याचा मावसभाऊ. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास घोटाळणाऱ्या स्मरणशक्तीवर निबंध लिहिला. मेन्यू मात्र डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. उडप्याच्या हॉटेलात भिंतीवर चाळीस पदार्थ लिहिलेले असतात, म्हणून कुणी उपाशी परत गेलंय? १९९८ मध्ये केविन लार्सन आणि मेरी झेरविन्स्की यांनी ५१२ पानं तीन तऱ्हांनी रचून प्रयोग केला. आठ-आठच्या तीन पायऱ्यांपेक्षा सोळा आणि बत्तीस अशा दोन रुंद पायऱ्यांत माणसांना लवकर सापडलं. हा प्रयोग होता. मिलरचं नाव घेऊन केलेला नियम म्हणजे ऐकीव कीर्तन.

'मग सरळ लोकांनाच विचारा ना, तुम्हाला काय आवडलं?' हा पुढचा शहाणपणा. विचारलं होतं. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी पायमोज्यांच्या चार जोड्या टेबलावर मांडल्या आणि ग्राहकांना विचारलं, यातली सर्वांत चांगली कुठली? लोकांनी हात लावून, ताणून, निरखून निवड केली. सर्वांत उजवीकडची जोडी डावीकडच्या टोकाच्या जोडीपेक्षा जवळजवळ चौपट निवडली गेली. कारण विचारलं तर कुणी वीण सांगितली, कुणी तलमपणा.

चारही जोड्या एकच होत्या.

'उजवीकडे होती म्हणून निवडलीत का?' असं विचारल्यावर बहुतेकांनी साफ नाकारलं, वर विचारणाऱ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. आता सांगा, 'नवा निळा रंग विश्वासार्ह वाटतो' असं जेव्हा पाचातले चार सांगतात, तेव्हा ते रंगाबद्दल बोलत असतात की पायमोज्यांबद्दल?

याच्याही पुढची पायरी म्हणजे आधी-नंतरचा चमत्कार. दसऱ्याच्या आधी वेबसाइट बदलली, दिवाळीत विक्री तिप्पट झाली, डिझायनरला बढती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दिवाळी बिचारी कोपऱ्यात उभी, तिला कुणी विचारलंच नाही.

नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, तर कावळ्यावर खटला भरण्याआधी चौकशी करणं. निम्म्या फांद्यांवर कावळे बसवायचे, निम्म्या मोकळ्या ठेवायच्या. कुठली फांदी कुठल्या गटात, हे नाणं उडवून ठरवायचं. वारा दोन्हीकडे सारखा, पाऊस सारखा. मग तुटलेल्या फांद्या मोजायच्या. आणि मोजायचं कधी, हे आधीच ठरवायचं. रोज सकाळी जाऊन बघायचं आणि मनासारखं दिसलं त्या दिवशी प्रयोग संपल्याचं जाहीर करायचं, याला प्रयोग म्हणत नाहीत. बी पेरून रोज उकरून बघणारं पोर घरोघरी असतं. त्याला कुणी कृषितज्ज्ञ म्हणत नाही.

तीस कोटी डॉलरच्या बटणाची गोष्ट या धंद्यात बारशापासून बाराव्यापर्यंत सांगितली जाते. एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर पैसे भरण्याआधी 'नोंदणी करा' हे बटण होतं. ते काढून 'पुढे चला' ठेवलं आणि सोबत लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, पहिल्या वर्षात तीस कोटी डॉलर जास्त आले. सांगणारे कोण? वर भेटलेले जेरेड स्पूल. होय, 'पाच जण पुरत नाहीत' म्हणणारे तेच.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत दुकानाचं नाव नाही. जुनं बटण निम्म्यांना आणि नवं निम्म्यांना एकाच वेळी दाखवलं का, हेही नाही. गोष्ट खोटी आहे असं माझं म्हणणं नाही, बहुधा खरीच असेल. खरेदीच्या ऐन दारात नोंदणी मागितली की माणूस चिडतो, हे तुम्हीआम्ही रोज अनुभवतो. पण ती गोष्ट आहे. आणि दर वेळी ती 'संशोधनातून सिद्ध झालंय' असं म्हणून सुरू होते.

म्हणे.

खरा प्रयोग बघायचाय? ओबामांच्या २००८ च्या प्रचारात मिळेल. वेबसाइटच्या पहिल्या पानावर चार बटणं आणि सहा चित्रं-चित्रफिती, अशा २४ जोड्या केल्या. आलेल्या ३,१०,३८२ लोकांना त्या आपोआप वाटून दाखवल्या. दर जोडीच्या वाट्याला सुमारे १३ हजार माणसं आली. प्रचार कचेरीतल्यांची लाडकी होती एक चित्रफीत. निकाल लागला तेव्हा सगळ्या चित्रफिती सगळ्या चित्रांच्या मागे पडल्या होत्या. जिंकलं कुटुंबाचं चित्र आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटण. नाव नोंदवणारे ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले, म्हणजे ४०.६ टक्के वाढ. कचेरीचं मत विचारून निर्णय घेतला असता तर चित्रफीतच लागली असती आणि तिचं कौतुकही झालं असतं.

इथं थांबले असते तर मी टोपी काढली असती. पण पुढचा हिशोब असा, की या वाढीमुळे २८ लाख ८० हजार जास्तीचे ईमेल पत्ते मिळाले, एका पत्त्यामागे सरासरी २१ डॉलर देणगी, म्हणून सहा कोटी डॉलर मिळाले. ४०.६ टक्के मोजलेले होते. सहा कोटी हा गुणाकार होता. ही वाढ अख्ख्या प्रचारभर टिकली आणि जास्तीचा प्रत्येक जण इतरांइतकाच दानशूर निघाला, या दोन गृहीतांवर तो उभा आहे. आता ओळखा, सभा-संमेलनांत यातला कुठला आकडा जास्त फिरला असेल?

म्हणून नियंत्रित प्रयोगापुढेही लोटांगण नको. २००९ मध्ये डग्लस बोमन हे डिझायनर गूगल सोडून गेले. जाताना लिहून गेले की दोन निळ्यांतला कुठला घ्यावा हे ठरेना म्हणून तिथं एकेचाळीस निळ्या छटांची चाचणी चालली होती. शंभरात पाच वेळा चकवा बसेल, एवढी चाळणी सैल ठेवली आणि एकेचाळीस तुलना केल्या, तर फरक मुळातच नसतानाही निदान एक छटा 'विजयी' ठरण्याची शक्यता ८८ टक्के होते. एकेचाळीस मुलांना नाणं उडवायला लावलं तर त्यातला एखादा नाणेफेकीचा महारथी निघणारच. मग त्याची मुलाखत छापायची.

आणि बिंगची कथा तर पंचतंत्रात शोभेल. मायक्रोसॉफ्टच्या या शोधयंत्रात एका प्रयोगात चूक घुसली आणि लोकांना अगदी टाकाऊ निकाल दिसू लागले. आकडे काय म्हणाले? माणशी शोध १० टक्क्यांहून जास्त वाढले, माणशी कमाई ३० टक्क्यांहून जास्त. उघड आहे. सापडेना, म्हणून माणसं पुन्हा पुन्हा शोधत होती आणि वैतागून जाहिरातींवर बोट ठेवत होती. प्रयोग नियंत्रित होता, माणसं भरपूर होती, आकडा पक्का होता. फक्त मोजायची गोष्ट चुकली होती. तिथल्याच रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे स्वतःहून छापलं, हा त्यांचा मोठेपणा. दुसरा कुणी असता तर वेबसाइट आणखी बिघडवून बढती घेऊन गेला असता.

याच कोहावींनी आधी हेही सांगून ठेवलंय की मायक्रोसॉफ्टमध्ये प्रयोगाला लावलेल्या कल्पनांतल्या साधारण एक तृतीयांशच खरोखर उपयोगी ठरल्या. बाकीच्या निरुपयोगी तरी निघाल्या किंवा घातक तरी. त्या सगळ्या कल्पना कुणाला तरी 'अनुभवावरून' पटलेल्याच होत्या ना?

मग करायचं काय? अमेरिकेच्या सरकारी बाबूंनी एकदा हे करून दाखवलंय. होय, बाबूंनी. तिथल्या आरोग्य खात्यानं २००३ मध्ये वेबसाइट कशी असावी याचे १८७ नियम छापले. २००६ मध्ये ते २०९ झाले. नियम काढणं सोपं, ते आपल्याकडेही निघतात. खुबी पुढे आहे. प्रत्येक नियमाखाली ठिपक्यांच्या दोन ओळी. एका ओळीत हा नियम किती महत्त्वाचा, आणि दुसरीत याला पुरावा किती. पुराव्याचे पाच ठिपके म्हणजे भक्कम संशोधन, चार म्हणजे मध्यम, तीन म्हणजे दुबळं. दोन ठिपके म्हणजे संशोधन नाही, पण तज्ज्ञांचं ठाम मत. एक ठिपका म्हणजे मतही डळमळीत, तज्ज्ञांत एकवाक्यता असेलच असं नाही.

हा एक ठिपका म्हणजे सरकारी शिक्क्याचा 'म्हणे'.

किती साधी सोय! नियम खोडायची गरज नाही. महत्त्व पाच ठिपके, पुरावा दोन, असं एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहिता येतं. अनुभवी माणसाचं मतही राहतं आणि त्याला प्रयोगाचा टिळाही लागत नाही. वाचणाऱ्यानं ठरवावं, कशावर किती वजन टाकायचं. आता हे नियम नकलून घेणारे काय करतात, ते माझ्यापुढच्या स्लाइडवर दिसत होतं. वर शीर्षक 'आंतरराष्ट्रीय संशोधनावर आधारित', खाली नियम, एकाखाली एक, सगळे एकाच जाडीच्या अक्षरांत.

ठिपके नव्हते. जागा पुरली नसावी.

बैठक संपता संपता मी त्या तरुणाला म्हटलं, "६० टक्के काढा आणि 'पाचातले तीन' लिहा. कुठं अडले तेही लिहा. ते तुमच्याकडे आहे आणि ते मोलाचं आहे." त्यानं मान डोलावली, मुलगा गुणी होता. पण साहेब म्हणाले, "राहू द्या हो. ६० टक्के उठून दिसतं."

जाताना सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला गेला. 'हे सादरीकरण उपयुक्त वाटलं का?' हो किंवा नाही. खोलीत आम्ही सहा जण. मी 'नाही'वर खूण केली, उरलेलं बिस्किट उचललं आणि निघालो.

काल त्यांचा ईमेल आला. बैठकीचा वृत्तांत, सोबत निळ्या अक्षरांतली नवी स्लाइड. '८३ टक्के तज्ज्ञ समाधानी.'

त्यातले एक तज्ज्ञ साहेबांचे सासरे होते.